वेटेड जीपीए ४ च्या स्केलवर आणताना

ताई, ५ पैकीचा वेटेड जीपीए (अवघड विषयांना जादा गुण धरून काढलेली ग्रेडची सरासरी) ४ पैकी कसा करायचा म्हणून घाबरू नका, अमेरिकेत मुलं हायस्कूलला गेली की पहिल्या वर्षी आपण सगळेच यात अडकतो. फक्त ५ पैकीच्या आकड्याला ४/५ नं गुणू नका, नव्या पालकांची हीच चूक होते. ट्रान्सक्रिप्ट (शाळेची गुणपत्रिका) उघडा न् एकेक ग्रेड बघा, ए ला ४, बी ला ३, सी ला २, मग विषय एपी (कॉलेजच्या पातळीचा) असो की ऑनर्स (नेहमीपेक्षा अवघड), न् सगळ्याची सरासरी काढा.

समजा एपी कॅल्क्युलस बी, ऑनर्स केमिस्ट्री बी, साधं इंग्लिश ए. शाळा एपीला १ न् ऑनर्सला अर्धा जास्त देत असेल तर वेटेड ३.८३ दिसतो, अनवेटेड (जादा गुण न धरता) १० भागिले ३ म्हणजे ३.३३, आणि त्या गुणाकारानं आला असता ३.०७!

- अर्ध्या क्रेडिटचा विषय अर्धाच धरा
- ए मायनसला शाळा ३.७ देते का ४, काउन्सेलरला विचारा

बरीच कॉलेजं परत आपल्या पद्धतीनं मोजतात, ते सध्या राहू द्या.