रोज बायबल वाचते, पण त्यातून स्वतःसाठी धडा सापडत नाही. काय करावं?

ताई, सलाम. तुम्ही लिहिलंय की वर्षभरात बायबल संपवायचं ठरवलं आणि लेवीय या नियमांच्या तिसऱ्या पुस्तकात गाडी अडकली. वही घेऊन बसता, पण ‘आजचा धडा’ या मथळ्याखाली काही सुचत नाही. वर महिला मंडळाच्या ग्रुपवर बाकीच्या बहिणी रोज सकाळी एक वचन आणि त्याखाली एक शिकवण टाकतात, ते बघून आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटतं. मी पाळक नाही, नगर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो आणि घरी सकाळी चहाआधी बायबल वाचतो. तेवढ्या अधिकाराने सांगतो: कमी काही नाही. ग्रुपवरच्या निम्म्या शिकवणी वचन न वाचताही लिहिता येतील अशा असतात.

आधी योजनेचं बघू. आपल्या प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं आणि 1,189 अध्याय. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले की वर्षात होतात. हिशेब बरोबर आहे, पण तो पानं संपवण्याचा. ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय बहुतेक नावंच नावं आहेत. त्यातून कुणी रोज आयुष्याची शिकवण काढत असेल तर ती ओढूनताणून काढलेली असणार. काही दिवशी नुसतं वाचायचं, माणसं आणि गावं ओळखीची होऊ द्यायची. कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या प्रवासात कुणीतरी नवा करार दिला. ते वाचता वाचता मत्तयाच्या पुस्तकातल्या, येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन खिळले. तीनच अध्याय आहेत ते, 5 ते 7. बाप्तिस्मा त्यांनी पुढे 1895 साली घेतला. रोजचे अध्याय संपवायच्या घाईत असते तर काय झालं असतं कोण जाणे.

माझं मुख्य म्हणणं असं की धडा एका सुट्या वचनात शोधू नका. ते वचन कुणाला, कोणत्या अडचणीत सांगितलं ते आधी बघा.

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत आपण वचनाची चिठ्ठी उचलतो ना, तिच्यात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं 29:11 हमखास असतं. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा द्यावी असे आहेत, ते वचन. ज्याला येईल तो खूश. यंदा नोकरी लागणार, लग्न जमणार! आता तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचा. ते पत्र आहे, यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. त्याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगून टाळ्या मिळवतोय. यिर्मया उलट लिहितो: घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या अगदी वर, दहाव्यात, मुदत दिली आहे: 70 वर्षं. म्हणजे पत्र ऐकणारे बरेचसे लोक परत जायच्या आधीच वारणार होते. अकरावं वचन त्या लोकांना आहे.

हे कळल्यावर वचन फिकं पडतं असं काहींना वाटतं. मला तर ते तेव्हाच कामाचं वाटायला लागलं. तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या बदलीमुळे तुम्ही पिंपरीत भाड्याच्या घरात आहात आणि ‘इथे काही आपलं नाही’ असं सारखं वाटतं. मग तुमच्यासाठी त्या अध्यायात चिठ्ठीवरच्या वचनापेक्षा पाचवं आणि सातवं वचन जास्त आहे. कुंडीत का होईना काहीतरी लावा, शेजारणीचं नाव विचारा, त्या सोसायटीसाठी प्रार्थना करा. बदली केव्हा होईल याची वाट बघत राहणं म्हणजे हनन्याचं ऐकणं.

आता माझ्या धंद्यातलं. पतसंस्थेत दिवसभर मी जामीनदारांच्या सह्या बघतो. कर्जदाराने हप्ता बुडवला की जामीनदाराचं तोंड कसं उतरतं ते रोज समोर दिसतं. बायबलातलं नीतिसूत्रांचं पुस्तक या बाबतीत फार कडक आहे. सहाव्या अध्यायात म्हटलंय, शेजाऱ्याला जामीन राहिला असशील तर झोपू नकोस, पारध्याच्या हातून हरिणी सुटते तसा सूट. अकराव्यात तेच, सतराव्यात तेच. बाविसाव्यात तर कारणासकट: फेडायला तुझ्याकडे काही नसलं तर तुझ्या खालचं अंथरूण कोणी का ओढून न्यावं? हे वाचून कोणीही वहीत लिहील, ‘धडा: कुणालाही जामीन राहू नये.’

आमच्या आतेभावाच्या मुलाला दुधाच्या धंद्यासाठी कर्ज हवं होतं आणि तो माझ्याकडे जामिनाची सही मागायला आला. वचन तर हाताशीच होतं. पण त्याच सुमाराला प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र वाचनात आलं. एकच अध्याय, 25 वचनं. अनेसिम नावाचा दास धन्यापासून, म्हणजे या फिलेमोनापासून, दूर गेलेला. पौल तुरुंगात आहे, तिथे तो विश्वासात आलेला. पौल त्याला धन्याकडे परत पाठवतो आणि लिहितो की दास म्हणून नव्हे, प्रिय बंधू म्हणून याला घे. आणि मग अठरावं वचन: त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं असेल, तर ते माझ्या नावे मांड. एकोणिसाव्यात, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, मी फेडीन. एरवी पौल पत्रं सांगून लिहवून घ्यायचा (रोमकरांना लिहिलेलं पत्र ज्याने लिहून घेतलं त्या तर्तियाने शेवटी स्वतःचाही सलाम घातला आहे). इथे मात्र लेखणी त्याने आपल्या हातात घेतली. माझ्यासारख्या माणसाला हे दिसल्यावाचून राहत नाही: ही जामीनदाराची सही आहे.

मग नीतिसूत्रं खरी की पौल? काही दिवस हा प्रश्न घेऊन मी बसलो, बायकोशी बोललो. तिने बाविसाव्या अध्यायातलं ते अंथरुणाचं वचन परत वाचायला लावलं. तिथे झोंबणारी गोष्ट आहे ती ऐपत नसताना केलेली सही. पौल रक्कम कितीही असो असं मोघम बोलत नाही, ‘मी फेडीन’ म्हणतो. म्हणून मी पुतण्याला सांगितलं, तुला हवंय तेवढ्याला सही करणार नाही. तू बुडवलंस तर मला स्वतःच्या खिशातून भरता येईल आणि तरी तुझ्याशी बोलणं सुरू राहील, एवढ्याच रकमेला करतो. त्याने कर्ज कमी केलं, दोनऐवजी एकच म्हैस घेतली. आता हा धडा तुमच्या उपयोगाचा असेलच असं नाही. तो माझा होता, कारण प्रश्न माझा होता. प्रश्न सोबत नसेल तर धडा कशाला चिकटणार?

एक खबरदारी मात्र घ्या. आपण वाचताना नेहमी चांगल्या पात्राच्या जागी बसतो. गल्याथासमोर गोफण घेतलेला दावीद म्हणजे मी! पण दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायातला दावीदही तोच. राजा झालेल्या दावीदाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला गोष्ट सांगतो, गरिबाची एकुलती एक मेंढी श्रीमंताने पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापतो, त्याने चौपट भरून द्यावं म्हणतो, आणि नाथान म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. हे वचन कुणी नवीन वर्षाच्या चिठ्ठीवर छापत नाही. वाचताना ‘हे आमच्या जाऊबाईंनी वाचायला हवं’ असं मनात आलं की मी तिथेच थांबतो आणि ते वचन परत वाचतो, या वेळी जाऊबाईंना बाहेर बसवून. (माझ्या बाबतीत जाऊबाईंच्या जागी आमचे शाखाधिकारी असतात.)

वहीचं विचारलंत. ‘आजचा धडा’ हा मथळा खोडून टाका. तारीख, अध्याय आणि तिथे काय घडलं ते आपल्या शब्दांत एक-दोन ओळीत, बस. खाली जागा सोडा. काही सुचलं तर लिहा, नाही सुचलं तर कोरी राहू दे. कधी कधी पंधरा दिवसांनी भाजी निवडताना सुचतं. पण लिहाल ते नाव, वार, रक्कम घालून लिहा. ‘सर्वांवर प्रीती करावी’ हे वहीत लिहून कुणाचं काही हलत नाही. ‘शनिवारी मोठ्या नणंदेला फोन, वाटणीचा विषय न काढता’ असं लिहिलंत तर रविवारी विचारता येतं, केला का?

आणि लेवीय सोडू नका. कातडीच्या रोगांचे आणि घराला लागलेल्या बुरशीचे 13 आणि 14 हे अध्याय भराभर वाचले तरी चालतील, पण 19 वर थांबा. पीक काढताना शेताच्या कडा सोडायच्या, पडलेली कणसं वेचायची नाहीत, ती गरिबांची आणि परक्यांची. वजनं-मापं खरी ठेवायची. आणि तेरावं वचन: मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवायची नाही. आमच्याकडे प्लंबर असो, गवत काढणारी बाई असो, पैसे त्याच संध्याकाळी दिले जातात, सुटे नसले तर शेजाऱ्याकडून आणून. ‘उद्या या’ हे आमच्या घरात या वचनामुळे बंद झालं. शेताच्या कडेचा तो नियम प्रत्यक्षात कसा चालायचा ते बघायचं असेल तर तिथूनच रूथचं पुस्तक उघडा, चार अध्याय आहेत. दुसऱ्यात शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना सांगतो की कणसं वेचायला आलेल्या परक्या रूथसाठी मुद्दाम पेंढ्यांतून थोडी कणसं ओढून टाका, आणि तिला रागावू नका. योजना एक-दोन दिवस मागे पडेल. लेवीयानंतरचं गणनेचं पुस्तक कुठे पळून जात नाही.