व्हीआरएफ आणि ग्लोबल टेबल: रूट दिसतो पण पिंग जात नाही
(नेटवर्किंगवरचे वाचकांचे प्रश्न. व्हीआरएफ म्हणजे एकाच राउटरमधलं वेगळं, स्वतंत्र राउटिंग टेबल; ग्लोबल म्हणजे राउटरचं नेहमीचं मुख्य टेबल.)

प्रश्न: आमच्या राउटरवर ऑफिसचं लॅन वेगळ्या व्हीआरएफमध्ये आहे आणि इंटरनेटची लिंक ग्लोबल टेबलमध्येच आहे. व्हीआरएफमध्ये डिफॉल्ट रूट (दुसरा रस्ता माहीत नसलेल्या सगळ्या ट्रॅफिकसाठीचा) टाकला, नेक्स्ट हॉप (पॅकेट ज्याच्याकडे द्यायचं तो पुढचा राउटर) प्रोव्हायडरचा २०३.०.११३.१, शेवटी ‘ग्लोबल’ पण लिहिलं, शो आयपी राउट व्हीआरएफ केलं की रूट छान दिसतो. पण लॅनमधून बाहेर काहीच चालत नाही. लॅनला पब्लिक ब्लॉक आहे, नॅट (ॲड्रेस बदलून पाठवणं) नाही. सिस्कोचा राउटर आहे.

उत्तर: तुमचं जाणारं पॅकेट बहुतेक व्यवस्थित जातंय, उत्तर परत येताना हरवतंय. हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो म्हणून जरा सविस्तरच सांगतो.

त्या ‘ग्लोबल’ शब्दाचं काम फक्त एवढंच की नेक्स्ट हॉप व्हीआरएफच्या टेबलात न शोधता ग्लोबलमध्ये शोध. तो लिहिला नसता तर राउटरने २०३.०.११३.१ व्हीआरएफमध्येच शोधला असता, सापडला नसता आणि रूट टेबलात आलाच नसता. तुमचा आलाय, म्हणजे जाण्याचा रस्ता झाला. पण तो एकाच बाजूचा झाला.

आता उलटं बघा. समजा लॅन १९८.५१.१००.०/२४ आहे. प्रोव्हायडर हा ब्लॉक तुमच्याकडे पाठवतोय, उत्तर घेऊन पॅकेट इंटरनेटच्या इंटरफेसवर आलं. तो इंटरफेस ग्लोबलमध्ये, म्हणून राउटर ग्लोबल टेबल बघणार आणि तिथे हा ब्लॉक नाहीच, तो व्हीआरएफमध्ये कनेक्टेड आहे ना. मग ग्लोबलमध्ये डिफॉल्ट रूट असेल तर राउटर तेच पॅकेट परत प्रोव्हायडरकडे ढकलतो, प्रोव्हायडर परत तुमच्याकडे, आणि टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडू शकतं ती मोजणी) संपेपर्यंत हेच चालू राहतं. बाहेरून कोणाला तरी तुमच्या लॅनवर ट्रेसराउट मारायला सांगा, तेच दोन ॲड्रेस आलटून पालटून दिसले की समजायचं हाच घोळ आहे.

उपाय म्हणजे ग्लोबल टेबलमध्ये एक स्टॅटिक रूट, जो व्हीआरएफच्या इंटरफेसकडे बोट दाखवतो: आयपी राउट १९८.५१.१००.० २५५.२५५.२५५.० गिगाबिटइथरनेट०/१. लॅन त्या इंटरफेसला थेट जोडलेलं असेल तर नुसतं इंटरफेसचं नाव पुरतं, राउटर प्रत्येक होस्टसाठी तिथे एआरपी करतो (म्हणजे आयपीवरून त्याचा हार्डवेअर ॲड्रेस विचारतो). पण मध्ये एखादा लेयर थ्री स्विच (राउटिंगही करणारा स्विच) असेल आणि लॅन त्याच्या मागे असेल तर इंटरफेस आणि स्विचचा ॲड्रेस दोन्ही लिहा. नुसता इंटरफेस लिहिलात तर राउटर दूरच्या होस्टचा एआरपी विचारत बसेल आणि स्विचवर प्रॉक्सी एआरपी (दुसऱ्याच्या वतीने उत्तर देणं) बंद असला की सगळं ठप्प. नुसता स्विचचा ॲड्रेस लिहिलात तर तो ग्लोबलमध्ये शोधला जाईल, मिळणार नाही, म्हणजे रूट बसणारच नाही.

टेस्ट करताना दोन गोष्टी सांभाळा. पिंग व्हीआरएफ देताना सोर्स म्हणून लॅनचा इंटरफेस द्याच. आणि राउटरच्याच ग्लोबलमधल्या स्वतःच्या ॲड्रेसला पिंग करून निष्कर्ष काढू नका, स्टॅटिकने केलेलं लीक (एका टेबलातून दुसऱ्यात वाट देणं) पलीकडच्या डिव्हाइससाठी असतं, राउटरच्या स्वतःच्या ॲड्रेससाठी ते धरून चालू नका. पलीकडच्या ॲड्रेसला पिंग करा. तरी शंका असेल तर राउटिंग टेबलपेक्षा शो आयपी सीईएफ व्हीआरएफ बघा (सीईएफ म्हणजे सिस्को पॅकेट पुढे पाठवताना प्रत्यक्ष वापरतो ते टेबल), पॅकेट खरोखर कुठल्या इंटरफेसने बाहेर पडणार ते तिथे कळतं.

लॅनला प्रायव्हेट ॲड्रेस असते तर नॅट लागलं असतं, आणि नॅटच्या ओळीतही व्हीआरएफचं नाव द्यावं लागतं, ते विसरलं की ट्रान्सलेशनच होत नाही.

प्रश्न: आमच्याकडे ग्लोबलमधले चाळीसेक प्रीफिक्स (ॲड्रेसचे ब्लॉक) व्हीआरएफमध्ये न्यायचेत आणि ते बदलतात पण. प्रत्येकाला स्टॅटिक लिहायचं का?

उत्तर: अजिबात नको. एकदोन प्रीफिक्स असतील तर मला स्टॅटिकच आवडतं कारण वाचणाऱ्याला लगेच कळतं, पण चाळीस आणि तेही बदलणारे म्हटल्यावर बीजीपीच (राउटर एकमेकांना रूट कळवतात तो प्रोटोकॉल). व्हीआरएफच्या ॲड्रेस फॅमिलीत इम्पोर्ट आयपीव्हीफोर युनिकास्ट मॅप लिहायचं आणि पुढे राउटमॅपचं (कुठले रूट घ्यायचे ते ठरवणाऱ्या नियमांचं) नाव. ग्लोबलकडे न्यायचं असेल तर तसंच एक्सपोर्ट.

इथे बरेच जण अडकतात ते असं, की रूट ग्लोबल टेबलात ओएसपीएफने (दुसऱ्या एका राउटिंग प्रोटोकॉलने) आलेला असतो आणि इम्पोर्ट होत नाही. ही कमांड बीजीपीच्या टेबलातून उचलते, म्हणून आधी तो रूट नेटवर्क किंवा रिडिस्ट्रिब्यूट कमांडने ग्लोबलच्या बीजीपीत आणा. आणि डिफॉल्ट लिमिट १००० प्रीफिक्सचं आहे. तुम्हाला चाळीस लागतात ना, मग लिमिट शंभर ठेवा, उद्या कोणी चुकून पूर्ण टेबल आत सोडलं तर अडसर राहील.

राउटमॅपमध्ये प्रीफिक्सलिस्ट (परवानगी असलेल्या प्रीफिक्सची यादी) लावाच, आणि त्यात हवे तेवढेच. सगळं परमिट करायचं असेल तर व्हीआरएफ वेगळा ठेवलाच कशाला? वेगळेपण हाच तर त्याचा उपयोग आहे, आणि एक सैल ओळ ते घालवते, वर कुठेही एरर येत नाही म्हणून महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

दोन व्हीआरएफमध्ये आपसात द्यायचं असेल तर मात्र राउट टार्गेटचे (रूटवर लावलेल्या खुणेचे, जिच्यावरून कुठल्या व्हीआरएफने तो घ्यायचा ते ठरतं) इम्पोर्ट एक्सपोर्ट. ‘अ’ मधून ‘ब’ मध्ये आलेला रूट ‘ब’ च्या टार्गेटने आपोआप ‘क’ कडे जात नाही, ‘क’ ला हवा असेल तर त्याने थेट ‘अ’ चं टार्गेट इम्पोर्ट करायचं. आणि दोन्हीकडे तेच ॲड्रेस वापरात असतील तर लीक करून काही होणार नाही, तिथे नॅटच लागेल.

प्रश्न: ज्युनोसमध्ये (जुनिपरच्या राउटरची सिस्टिम) दोन्ही बाजूंनी नेक्स्ट टेबल (पुढचा शोध दुसऱ्या टेबलात घ्यायला सांगणारा रूट) लिहिलं तर कमिट होत नाही.

उत्तर: दोन टेबलं एकमेकांकडे बोट दाखवायला लागली की लूप होतो म्हणून ते नाकारतं. एका बाजूला नेक्स्ट टेबल ठेवा आणि दुसऱ्या बाजूला रिब ग्रुप (एकच रूट अनेक टेबलांत टाकणारी सेटिंग) वापरा. ग्रुपमध्ये पहिलं नाव मूळ टेबलाचं. कनेक्टेड रूट न्यायचे असतील तर इंटरफेस राउट्सखालीही तो ग्रुप लावावा लागतो, हे राहून जातं.

प्रश्न: लिनक्सवर व्हीआरएफ केला, काही लीक केलं नाही, तरी ट्रॅफिक मेन टेबलने बाहेर जातंय!

उत्तर: लिनक्समध्ये (कर्नल ४.३ पासून व्हीआरएफ आहे) हे होतंच, कारण व्हीआरएफचा नियम १००० प्रायॉरिटीचा असतो आणि त्या टेबलात काही जुळलं नाही तर शोध पुढच्या नियमावर सरकतो आणि मेन टेबल गाठतो. व्हीआरएफच्या टेबलात एक अनरीचेबल डिफॉल्ट रूट टाका, मेट्रिक (रूटचा पसंतीक्रम, आकडा लहान तो आधी) ४२७८१९८२७२. एवढा मोठा आकडा मुद्दाम आहे, नंतर खरा डिफॉल्ट टाकलात तर तोच आधी निवडला जावा म्हणून. टाकल्यावर आयपी राउट गेटला व्हीआरएफचं नाव देऊन अशा एखाद्या ॲड्रेसबद्दल विचारा जो त्या टेबलात नाही, अनरीचेबल म्हणाला की गळती थांबली.