भोक पडण्याआधी तार पाहा

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांत सिंगल फेजवर चालणाऱ्या छोट्या मिग वेल्डिंग मशीनचे (यात सतत पुढे येणारी तारच वितळून जोड भरते आणि सिलिंडरचा गॅस त्याला हवेपासून वाचवतो) प्रश्न सर्वांत जास्त होते. गॅरेजात आणि फॅब्रिकेशनच्या दुकानात या मशीनला सरसकट ‘सीओटू’ (कार्बन डायऑक्साइड) म्हणतात, मग सिलिंडरमध्ये आर्गॉनचं मिश्रण का असेना. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मिग घेतलं आहे. तार ०.८ मिमी, गॅस शुद्ध सीओटू. मोटारीच्या तळाला २० गेज पत्र्याचं ठिगळ लावताना भोकं पडतात. व्होल्टेज अगदी खाली आणलं तर तार पत्र्याला टोचते आणि टॉर्च मागे ढकलली जाते. नेमकं सेटिंग सांगा. (वाचक, कराड)

उत्तर : तुम्ही एकच बटण फिरवलंत, घोळ तिथेच झाला. मिगमध्ये अँपिअरचं बटण म्हणजे तारेच्या वेगाचं बटण. तार जितकी जास्त जाईल तितका करंट जास्त. व्होल्टेज फक्त आर्कची, म्हणजे तार आणि पत्रा यांच्यातल्या विजेच्या ज्योतीची, लांबी ठरवतं. तुम्ही व्होल्टेज कमी केलंत आणि तार पूर्वीच्याच वेगाने येत राहिली. ती वितळण्याआधीच पत्र्यावर आदळते आणि टॉर्चला मागे ढकलते. आधी तार कमी करायची, मग व्होल्टेज तिच्यामागून खाली आणायचं.

२० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी. ढोबळ हिशेब असा की दर मिलिमीटर जाडीला ४० अँपिअर. म्हणजे तुमचं काम ३५ ते ४० अँपिअरचं आहे. एवढ्या करंटला ०.८ ची तार मिनिटाला जेमतेम दोन मीटर जाते. इतक्या संथ वेगाला छोट्या मशीनचा तार ढकलणारा फीडर अडखळतो आणि शुद्ध सीओटूमध्ये आर्कही तुटक होतो. तेवढ्याच करंटला ०.६ ची तार सुमारे साडेतीन मीटर जाते. त्या वेगाला मोटर निवांत चालते, आर्क स्थिर राहतो. म्हणून पातळ पत्र्यासाठी पहिला खर्च ०.६ मिमीच्या तारेवर करा. तार ईआर ७० एस-६ प्रकारची, तांब्याचा मुलामा असलेली. छोटं रीळ मिळालं तर तेच घ्या, कारण अर्धवट वापरलेलं मोठं रीळ पावसाळ्यात गंज धरतं. तारेबरोबर टिपही (टॉर्चच्या टोकाची नळी, जिच्यातून तार बाहेर येते) ०.६ ची लागेल आणि फीड रोलर उलटवून बारीक खाच वर आणावी लागेल. रोलरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. काही मशीनवर तो समोरच्या बाजूच्या खाचेचा असतो, काहींवर मागच्या. तार खाचेत बसली आहे का ते डोळ्यांनी पाहा.

०.६ तार आणि ८०:२० आर्गॉन-सीओटू मिश्रण असेल तर साडेचौदा ते साडेपंधरा व्होल्टपासून सुरुवात करा. शुद्ध सीओटू असेल तर त्यात एक ते दोन व्होल्ट वाढवा. सीओटूने काम होतं, पण शिंतोडे जास्त उडतात आणि आर्क खोल जातो. एक मिमीच्या खालच्या पत्र्याला हा खोलपणा नकोच असतो. बॉडीचं काम नेहमीचं असेल तर मिश्रणाचे जास्तीचे पैसे ग्राइंडिंगच्या वेळात वसूल होतात.

मशीनवर तारेचा वेग आकड्यात दिसत नसेल तर असं मोजा : गॅस बंद करा, टॉर्च आणि अर्थ क्लॅम्प एकमेकांपासून लांब ठेवा (बटण दाबलं की तारेत वीज असते), सहा सेकंद बटण दाबा, बाहेर आलेली तार कापून मोजा आणि दहाने गुणा. ३५ सेंटिमीटर भरली तर साडेतीन मीटर. आता वेग तसाच ठेवून रद्दी तुकड्यावर व्होल्टेज अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने हलवा. तार दर सेकंदाला अनेक वेळा पत्र्याला टेकते आणि तुटते, तोच तो आवाज. तो कढईतल्या भज्यांसारखा एकसारखा चरचरला की थांबा. ठाकठाक होऊन टॉर्चला धक्के बसले तर व्होल्टेज कमी आहे. फसफस आवाज, टोकाला मोठा थेंब आणि तार टिपेत चिकटणं, हे व्होल्टेज जास्त असल्याचं लक्षण. इंडक्टन्सचं बटण असेल तर मध्यावर ठेवून विसरा.

गॅस मिनिटाला सात-आठ लिटर पुरे. जास्त सोडला तर प्रवाहात भोवरे होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. मग जोडात सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि माणूस गॅस आणखी वाढवतो. टिपेपासून पत्र्यापर्यंत तार आठ मिमीच्या आसपास ठेवा.

आता हात. ०.९ पत्र्यावर सलग रेघ ओढू नका. दर २५-३० मिमीवर टाका घाला, मग प्रत्येक दोन टाक्यांच्या मध्ये एक, असं भरत जा. बटण अर्धा ते एक सेकंद दाबून सोडायचं, लाली गेली की पुढचा टाका, तोही शक्यतो लांबच्या जागी. ठिगळ आणि मूळ पत्रा यांच्यातली फट तारेच्या जाडीपेक्षा मोठी नको. मागून हात जात असेल तर तांब्याची जाड पट्टी किंवा ठोकून चपटा केलेला तांब्याचा पाइप दाबून धरा. तांबं उष्णता ओढून घेतं आणि स्टीलची तार त्याला चिकटत नाही.

एवढं करूनही भोक पडलं तर पत्राच तपासा. जुन्या मोटारीच्या तळाच्या तक्रारींत सेटिंगपेक्षा गंज जास्त वेळा गुन्हेगार निघतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि आत अर्ध्या मिमीहून कमी पत्रा उरलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कडा टोचून पाहा, दबेल तिथपर्यंत कापून टाका. कुजलेल्या पत्र्यासाठी कुठल्याच मशीनवर सेटिंग नसतं.

प्रश्न : १६ गेजच्या चौकोनी पाइपवर काम करताना आर्क मधेच तुटतो, आणि कधीकधी रोलरपाशी तारेचा गुंता होतो. रोलरचा दाब वाढवला तरी फरक नाही. (वाचक, जालना)

उत्तर : दाब वाढवल्यानेच गुंता होतो. पुढे कुठेतरी तार अडली आहे, मागून रोलर ढकलतो आहे, मग तार जाणार कुठे? आधी टिप काढून तार चालवा. सुरळीत आली तर टिप बदला. आतलं भोक झिजून लांबुळकं झालेलं असतं किंवा आत शिंतोडा बसलेला असतो. तरीही अडकली तर टॉर्चची केबल जमिनीवर सरळ पसरून चालवा. आता सुटली तर दोष केबलच्या वळणाचा किंवा लायनरचा (केबलच्या आतली, तार जाते ती नळी). ०.६ आणि ०.८ च्या तारेला बारीक लायनर लागतो (बहुतेक टॉर्चमध्ये तो निळा असतो), १.० ते १.२ चा लाल लायनर घातला असेल तर बारीक तार आत नागमोडी होते. लायनर टिपेच्या बाजूला आखूड कापलेला असला तरी तेच. जुना लायनर कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून पाहा, काळी पूड निघेल. तेल मात्र सोडू नका, ते तारेबरोबर जोडात जातं.

दाब बसवायची खूण : तार लाकडी ठोकळ्यावर दोन-तीन सेंटिमीटरवरून सोडा. ती वाकून वळली पाहिजे. थांबून रोलर घसरला तर थोडा दाब द्या. रिळाचा ब्रेक एवढाच, की बटण सोडल्यावर रीळ गरगरत राहू नये.

अर्थ क्लॅम्पही याच यादीत घ्या. रंगावर लावलेला क्लॅम्प आणि अडखळणारी तार यांची लक्षणं अगदी सारखी असतात.

प्रश्न : दाराच्या खांबाच्या आत आणि चासीच्या कोपऱ्यात टॉर्च जात नाही. नोझल काढून वेल्डिंग केलं तर जोड काळा आणि भुसभुशीत होतो. काय करावं? (वाचक, पुणे)

उत्तर : नोझल म्हणजे टिपेभोवतीचं, गॅस सोडणारं तोंड. ते काढलं की गॅस तारेभोवती राहत नाही, हवा थेट वितळलेल्या धातूला लागते. काढू नका, बदला. आपल्याकडच्या छोट्या मशीनबरोबर बहुधा १५ एके जातीची टॉर्च येते. तिला तीन मापांची नोझलं मिळतात : १६ मिमीचं सरळ, १२ मिमीचं निमुळतं आणि साडेनऊ मिमीचं अगदी चोचीसारखं. कोपऱ्यासाठी शेवटचं. टिप नोझलच्या तोंडाबाहेर दोन मिमी आली तर या हलक्या करंटला चालतं, आणि तारेचं टोक दिसतंही. चोचीचं नोझल शिंतोड्यांनी लवकर भरतं. टिप आणि नोझल यांच्यात शिंतोड्याचा पूल झाला की नोझलमध्येही वीज येते, आणि अरुंद जागेत ते बाजूच्या पत्र्याला टेकलं की तिथेच ठिणगी. दर पाच-सहा टाक्यांनी साफ करा.

टॉर्च हवी तेवढी जवळ नेता येत नसेल तर तार पंधरा मिमीपर्यंत बाहेर राहते. तेवढ्या लांब तारेत रोध वाढतो, करंट आपोआप पडतो आणि टाका वरवर बसतो. अशा वेळी व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने वाढवा, गॅस दहा लिटरपर्यंत न्या आणि आधी तशाच लांबीने रद्दी तुकड्यावर टाका घालून, तो तोडून पाहा.

प्रत्येक टाक्याआधी तारेचं टोक कटरने तिरकं कापा. टोकावर गोळी राहिली तर आर्क फटाक्यासारखा सुरू होतो आणि पातळ पत्र्याला पहिलं भोक तिथेच पडतं. आर्क न पेटवता एकदा हाताची चाल करून पाहा. मनगट कुठे टेकतं, केबल कुठे मुडपते, ते आधीच कळतं. कोपऱ्यात वाकून शिरताना केबलला घट्ट वळण पडतं आणि मागच्या उत्तरातला सगळा त्रास परत येतो. म्हणून मशीनच उचलून जवळ आणा, केबल वळवू नका.

आपोआप काळा होणारा हेल्मेट अशा ठिकाणी दगा देतो. सेन्सरच्या आड पाइप किंवा तुमचाच हात आला की काच काळी होत नाही आणि डोळे भाजतात. चार सेन्सरचा वापरा, नाहीतर ९ किंवा १० नंबरची साधी काळी काच घ्या.

हात जाईल तिथे कडेचा जोड टाळून छिद्र भरण्याची पद्धत वापरा : वरच्या पत्र्याला सहा ते आठ मिमीचं भोक, दोन्ही पत्रे पक्के दाबलेले, आर्क भोकाच्या मध्यभागी खालच्या पत्र्यावर सुरू करून गोल फिरवत कडेपर्यंत. आर्क खालच्यावर न पेटवता कडेवर पेटवला तर वरून सुंदर बटण दिसतं आणि छिन्नीच्या एका ठोक्यात सुटतं.

आणि कामाला लागण्याआधी : बॅटरीची ऋण वायर काढा, क्लॅम्प जोडाच्या जवळ लावा (नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो), पलीकडचा फोम, डांबरी पट्टी, वायरिंग बाजूला करा. इंधनाच्या टाकीच्या आसपास टाकी उतरवल्याशिवाय काम नाही. सर्व्हिस पिटमध्ये उतरून वेल्डिंग करत असाल तर पंखा लावाच. सीओटू आणि आर्गॉन दोन्ही हवेपेक्षा जड, ते खड्ड्यात साचतात आणि तिथला प्राणवायू हटवतात. वास काहीच येत नाही. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने जोड पुसून त्यावर आर्क पेटवू नका, त्यातून विषारी फॉस्जीन होतो.

प्रश्न : सिलिंडर नको म्हणून गॅसलेस तार आणली. शिंतोडे इतके, की पत्रा दिसत नाही. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : टॉर्च धन बाजूला जोडलेली राहिली आहे. गॅसवरच्या भरीव तारेला टॉर्च धन, गॅसलेस तारेला टॉर्च ऋण. मशीनच्या पुढच्या किंवा आतल्या पट्टीवर दोन वायरींची अदलाबदल करावी लागते. ही तार पोकळ असते, म्हणून दातेरी रोलर लावा, दाब हलका ठेवा, नाहीतर ती चेपते. तार १२-१५ मिमी बाहेर ठेवून टॉर्च ढकलण्याऐवजी ओढा, आणि वरची मळी ठोकून काढा. १.२ मिमीपेक्षा पातळ पत्र्यावर ही तार आम्ही सुचवणार नाही.

प्रश्न : जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्यावर जोडात फुगे येतात. (वाचक, नगर)

उत्तर : जस्त आर्कखाली उकळून वाफ होतं, ती वाफच फुगे करते. जोडाच्या दोन्ही बाजूंना १५-२० मिमी, आणि मागूनही, जस्त घासून काढा. पांढरा धूर छातीत गेला तर संध्याकाळी थंडीताप भरतो. धातूच्या धुरासाठीचा मास्क लावा आणि हवा खेळती ठेवा. काम झाल्यावर जागेला जस्ताचा रंग द्या.

प्रश्न : सीओटूचा गेज भरलेला दाखवतो आणि गॅस अचानक संपतो. रेग्युलेटरवर बर्फही धरतो. (वाचक, सांगली)

उत्तर : सीओटू सिलिंडरमध्ये द्रवरूपात असतो. आत थोडा जरी द्रव असेल तोवर दाब साधारण तोच राहतो, खोलीच्या तापमानाला सुमारे ६० बार. काटा पडायला लागला म्हणजे द्रव संपला आणि आता थोडाच गॅस उरला. किती शिल्लक आहे हे वजनकाट्यावरच कळतं : सिलिंडरवर रिकामं वजन ठोकलेलं असतं, ते वजा करा. द्रवाचा वायू होताना उष्णता लागते, म्हणून रेग्युलेटर गोठतो. हीटर असलेला रेग्युलेटर घ्या किंवा कामात थोडी उसंत द्या. उकळतं पाणी ओतू नका. सिलिंडर नेहमी उभा, साखळीने बांधलेला. आडवा केला तर द्रवच रेग्युलेटरमध्ये येतो.