पोटाचं आतलं अस्तर दर ३-४ दिवसांनी नवीन होतं हे खरंय का? मग अल्सर का होतो? आणि वय झालं की हा वेग कमी होतो का?

अर्धं खरंय. आणि या अर्ध्या खऱ्यावरूनच आमच्या घरी मोठा वाद झालाय, त्यामुळे प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

मी ठाण्यात एका हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एन्डोस्कोपीत काढलेले कणभर तुकडे फॉर्मलिनच्या बाटलीत आमच्याकडे येतात, त्यांचे मेणाचे ब्लॉक करायचे, ३-४ मायक्रॉनचे काप काढायचे, रंगवायचे. रिपोर्ट डॉक्टरच देतात, पण स्लाइड नीट आलीय का ते मायक्रोस्कोपखाली आधी आम्हीच बघतो.

तर ३ ते ५ दिवसांत बदलतात त्या फक्त सगळ्यात वरच्या, म्युकस (अस्तर जपणारा चिकट थर) बनवणाऱ्या पेशी. पोटाला आतून सगळीकडे बारीक खड्डे असतात, प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी ग्रंथींच्या नळ्या उघडतात, आणि जिथे खड्डा संपून नळी सुरू होते त्या मानेपाशी स्टेम सेल्स, म्हणजे नवीन पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी असतात. विभाजन मुख्यतः तिथेच, वर नाही. तिथून काही पेशी वर सरकत सरकत पृष्ठभागावर येतात, काम करतात आणि गळून पडतात. काही उलट खाली जातात, त्यातल्या ॲसिड बनवणाऱ्या परायटल पेशी स्लाइडवर छान गुलाबी दिसतात, आणि अगदी तळाशी जांभळट चीफ पेशी. खालच्यांना काहीच घाई नसते, उंदरात परायटल पेशी साधारण ५४ दिवस टिकते, चीफ पेशी कित्येक महिने. म्हणजे ‘चार दिवसांत नवं पोट’ हे बिल्डिंगला बाहेरून रंग मारून रिडेव्हलपमेंट झाली म्हणण्यासारखं आहे.

हे नेमकं माझ्या मोठ्या दिरांना पटत नाही. भाऊजी इंजिनिअर आहेत, घोडबंदर रोडला राहतात आणि फॅमिली ग्रुपवर आरोग्याचे मेसेज टाकतात. सासूबाई आमच्याकडे ऐरोलीला. त्यांचे गुडघे दुखतात, मेडिकलवाल्याकडून डायक्लोफेनॅक ही पेनकिलर आणून रोज सकाळी चहाबरोबर घ्यायच्या. मी म्हणायचे, आई, नका घेऊ अशा, डॉक्टरांना तरी विचारूया. तर भाऊजी फोनवरून, ‘अगं अस्तर चार दिवसांत नवीन होतं, सायन्स आहे हे, उगाच घाबरवू नकोस तिला, जेवून घेतली की काही होत नाही.’

जेवून घेतल्याने फार फरक पडत नाही हो! ही गोळी नुसती पोटात पडून त्रास देत नाही, रक्तातून जाऊन प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन कमी करते, आणि पोटाचा म्युकस, ॲसिड मारणारं बायकार्बोनेट, अस्तराचा रक्तपुरवठा हे सगळं त्याच्यावर चालतं. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी अल्सर होऊ शकतो.

पुढे व्हायचं तेच झालं. ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर आईंना चक्कर आली, घरी आल्यावर हळूच म्हणाल्या की शी काळी होतेय. भाऊजींचं म्हणणं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, त्याने होते. होते, पण डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची होत नाही. मी नवऱ्याला म्हटलं, आत्ता निघायचं, कोणाला फोन करत बसायचं नाही. हिमोग्लोबिन खाली आलेलं, एन्डोस्कोपीत पोटाच्या खालच्या भागात अल्सर. कॅन्सर नाही ना हे बघायला कडेचे तुकडे घेतले आणि ते आले आमच्याच लॅबमध्ये. ब्लॉक मीच कापला. कडेला पेशी नुसत्या धावपळीत होत्या, मोठी गडद केंद्रकं, जागोजागी विभाजन चालू, म्युकस भरायला वेळच नाही. आणि जिम्सा स्टेन (जंतू दिसायला वापरतात तो रंग) केल्यावर हेलिकोबॅक्टर पायलोरी, पोटात राहून अल्सर करू शकणारा जंतू.

म्हणजे दुरुस्ती जोरात चालूच होती, तरी भोक होतं. वरवर खरचटलं तर शेजारच्या पेशी पसरून, विभाजन न करताच, काही तासांत ते झाकतात. पण अल्सर अस्तराखालचा स्नायूंचा पातळ थरही फोडून जातो, तिथल्या ग्रंथी मानेसकट गेलेल्या असतात, मग नवीन पेशी येणार कुठून? कडेकडूनच सरकत येतात, त्याला आठवडे लागतात, आणि तेही गोळी आणि जंतू दोन्ही गेले तर. आईंना १४ दिवस अँटिबायोटिक्स, ॲसिड कमी करायची गोळी त्यानंतरही, आणि पुन्हा एन्डोस्कोपी. भरला. भाऊजी म्हणाले, ‘बघ, झालंच ना आपोआप!’

वयाचं विचारलंत, तर साठीनंतर अस्तराचं संरक्षण कमी पडतं आणि पेनकिलरने अल्सर व्हायचा धोका बराच वाढतो. घरात कोणी म्हातारं असेल तर त्यांच्या गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघा.

आता हे वाचून कोणी हार्टसाठी चालू असलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील. पेनकिलर घेणाऱ्या प्रत्येकाला अल्सर होतो असंही नाही, आणि पायलोरी असलेल्या बहुतेकांना काही त्रास जाणवत नाही.

भाऊजी स्वतः रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात. मी म्हटलं एकदा पायलोरीची टेस्ट करा, तर म्हणे टेन्शनने होतं. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शलने १९८४ मध्ये हाच जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून दाखवलं, २००५ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी रॉबिन वॉरनला या जंतूच्या शोधासाठी नोबेल मिळालं, तरी यांचं टेन्शनच. श्वासाची साधी टेस्ट असते, फक्त त्याआधी ती गोळी २ आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येऊ शकते. तेवढंच त्यांना जमत नाहीये.