गेमिंग इव्हेंटच्या मराठी पोस्टरला जुन्या व्हिडिओ गेमसारखा जाड पिक्सेल फॉन्ट कसा वापरू?

तुम्ही लिहिलंय की प्रेस स्टार्ट २पी (Press Start 2P) हा पिक्सेल फॉन्ट डाउनलोड केला, इव्हेंटचं इंग्रजी नाव झकास आलं, पण खाली "चला खेळूया" टाइप केलं तर ते नेहमीच्या साध्या फॉन्टमध्येच दिसतंय. तुमचं काही चुकलेलं नाही. त्या फॉन्टमध्ये रोमन, ग्रीक, सिरिलिक अक्षरं आहेत, देवनागरी नाहीच, त्यामुळे कॉम्प्युटर आपल्या मनाने दुसरा कुठलातरी मराठी फॉन्ट लावून मोकळा होतो.

मी बोर्ड-पोस्टरची कामं करतो आणि हा फॉन्ट मला मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कोडमॅन३८ या नावाने काम करणाऱ्या डिझायनरने तो १९८० च्या दशकातल्या नॅमको या जपानी कंपनीच्या आर्केड गेममधल्या अक्षरांवरून बनवला. त्या मशीन ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकटींमध्ये चित्र मांडायच्या, म्हणून अक्षरही तेवढ्याच चौकटीत बसवायचं, त्यातही एक ओळ आणि एक उभा रकाना शेजारच्या अक्षरापासून अंतर राहावं म्हणून रिकामा, म्हणजे हातात उरले ७ बाय ७. ग्राफ पेपरवर इंग्रजी एच काढून बघा. डावीकडे २ घरं जाड दांडी, मध्ये ३ घरं मोकळी, उजवीकडे परत २, आणि मधली आडवी रेघ मात्र एकाच घराची. हा जाडपणा नुसता शोभेचा नाही. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत किरण आडवा फिरतो, त्यामुळे आडवी रेघ सलग उजळते, पण एकाच पिक्सेलची उभी रेघ क्षणात पेटून विझते आणि फिकट, रंग फुटलेली दिसते. दोन पिक्सेल दिले की ती ठसठशीत दिसते. मला तर ही त्या काळच्या लोकांची कमालच वाटते, इतक्याशा जागेत सगळी एबीसीडी आणि तीही लांबून वाचता येणारी.

वापरताना एक गोष्ट अजिबात करू नका, सॉफ्टवेअरमधलं बोल्डचं बटण दाबू नका. या फॉन्टला एकच वजन, म्हणजे एकच जाडी आहे, बोल्ड केलं की सॉफ्टवेअर कडा फुगवतं आणि ए, आर यांच्या पोटातली मोकळी जागा बुजायला लागते. साइजचं म्हणाल तर इमेज बनवणार असाल तर पिक्सेलमध्ये ८ च्या पटीतच घ्या, १६, २४, ३२, आणि पीएनजी काढा. मी सुरुवातीला एका फ्लेक्ससाठी २० साइज घेऊन जेपीजी पाठवली होती, छापून आल्यावर प्रत्येक अक्षराच्या कडेला राखाडी धूर बसल्यासारखं दिसत होतं, सगळं परत छापावं लागलं. अक्षरांचं आउटलाइन करून (म्हणजे टाइप केलेला मजकूर आकारांत बदलून) पीडीएफ देणार असाल तर मात्र कुठलाही साइज चालतो. दोन ओळींमध्ये अंतर भरपूर सोडा, आणि नियम, पत्ता, वेळ असला मजकूर यात लिहू नका, कोणी वाचणार नाही. लायसन्स ओपन फॉन्टवालं आहे, पोस्टरला बिनधास्त वापरा.

आता मराठी. ८ घरांत आपलं अक्षर मावत नाही, कारण वर मात्रा, मध्ये शिरोरेघ, खाली उकार. "खेळूया" हाच शब्द घ्या. ख वरची मात्रा जिन्यासारखी उतरवायला ४ ओळी, शिरोरेघ २, अक्षराचं अंग ८, आणि ळ खालचा दीर्घ ऊकार ४, झाली १८ ओळींची उंची. रुंदीत ळ सगळ्यात अवघड. दोन पोटं, रेघ २ घरांची धरली तर २ रेघ, २ मोकळी, २ रेघ, २ मोकळी, २ रेघ, म्हणजे १० घरं. त्याहून कमी केलं की पोट बुजतं. आणि ख च्या र चं शेपूट खाली व ला जोडायला विसरू नका, नाहीतर लोक "रवेळूया" वाचतील. "चला" मधला ल पाकळीचाच काढा, मराठी डोळ्याला तोच आपला वाटतो. शिरोरेघ एका घराची करून पाहिली होती मी, उभ्या दांड्यांपुढे फार किरकोळ दिसते, म्हणून २ च ठेवा.

अंदाज हवा असेल तर लोकल स्टेशनवरचा इंडिकेटर नीट बघा, "कर्जत" चा रफार ठिपक्यांमध्ये कसा बसवलाय ते. ठिपक्यांची रांगोळी किंवा कापडावरचे फुलीटाके काढणारं कोणी घरात असेल तर त्यांना सोबत घ्या, त्यांचा हात या कामात आपल्यापेक्षा तयार असतो. तुम्हाला पूर्ण फॉन्ट बनवायचाच नाहीये, दोनच शब्द काढायचेत, एका संध्याकाळचं काम आहे.

तेवढाही वेळ नसेल तर इंग्रजी नाव पिक्सेलमध्ये आणि मराठी ओळ मुक्ता या देवनागरी फॉन्टच्या एक्स्ट्राबोल्डमध्ये ठेवा, रंग एकच ठेवलात तर दोन्ही शेजारी शोभतात. पण माझं ऐकाल तर आधी ग्राफ पेपर घ्या, आणि ळ अडला तर फोटो काढून इथेच कमेंटमध्ये टाका, बघून सांगतो कुठलं घर काढायचं ते.