‘संस्थेत जाते’ म्हणणाऱ्या मुलीचं काय करायचं?

माजलगाव तालुक्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. थोडक्यात असं: ‘मुलीनं लातूरला राहून दोनदा नीट दिली. एमबीबीएस लागत नाही. खासगी बीएएमएसला नंबर लागेल, पण फी झेपणारी नाही. गेल्या दिवाळीआधी गावात ऊसतोड महिलांची तपासणी झाली. एक स्वयंसेवी संस्था आणि सरकारी दवाखाना मिळून आले होते. तेव्हापासून पोरीनं एकच धरलंय, त्या संस्थेत कामाला जाते. पगार बारा हजार सांगतात. संस्था म्हणजे काय नोकरी आहे का? उद्या पाहुण्यांना काय सांगायचं?’

सप्रेम नमस्कार.

पाहुण्यांना काय सांगायचं, ते मला आजवर माझ्या घरीही जमलेलं नाही. तेवढं सोडून बाकीचं बोलू.

आधी तुमच्या लेकीनं त्या दिवशी काय पाहिलं, ते समजून घ्या. अशा तपासणीत रक्त तपासणारी बाई बहुधा संस्थेची असते, गोळ्या आणि डॉक्टर प्राथमिक आरोग्य केंद्राचे, बायांची यादी आशाताईंची आणि गाडीचं डिझेल एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून. मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. २०१४ पासून तसा नियम आहे. त्या पैशातून संस्था माणसं ठेवते आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाशी करार करून सरकारी दवाखान्याबरोबर काम करते.

याची गरज का पडते? सरकारी मोजमापात ५ हजार वस्तीला एक उपकेंद्र आणि ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र. हे सगळं गाव धरून आखलेलं. तुमच्याकडचा माणूस मात्र मुकादमाची उचल घेऊन दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतो, तो गुढीपाडव्याच्या सुमाराला परततो. बीपीच्या गोळ्या महिन्याच्या मिळतात, पुढच्या पाच महिन्यांचं काय? ती बाई सांगलीकडं कुठल्या कारखान्यावर आहे हे शोधणं, तिला फोन करणं, तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवणं, गरोदर असेल तर बाळंतपण कुठं होणार ते आधी ठरवणं. हे काम कुठल्याच एका नोंदवहीत बसत नाही, म्हणून ते कुणाचंच नसतं. संस्था आणि दवाखाना एकत्र आले तरच होतं.

आणि न झाल्याची किंमत तुमच्या बीड जिल्ह्यानं मोजलेली आहे. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यावर ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळालेल्या बाया तुमच्या-माझ्या गावात आहेत. वेळेवर कुणी नीट तपासून औषध दिलं असतं, तर त्यातल्या किती वाचल्या असत्या? तुमची पोर याच प्रश्नाशी अडली असेल, तर ते खूळ नाही.

आपल्याकडं याची परंपराही आहे. तुमच्या जिल्ह्याच्या शिवेला लागून जामखेड. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. धाराशिव जिल्ह्यात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केलं. सरकारी दवाखान्याच्या कारभारावर गावानं लक्ष ठेवायचं, जनसुनवाईत डॉक्टरांना समोर बसवून विचारायचं, हा प्रयोग २००७ मध्ये राज्यातल्या ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात धाराशिव होतं.

एवढं सगळं बोलून मी आता उलटं सांगणार आहे. तिला आत्ता संस्थेत पाठवू नका.

मी स्वतः सात वर्षं अशाच एका प्रकल्पात होते. काम चांगलं होतं, माणसं चांगली होती. एका मार्चअखेर निधी संपला आणि आम्ही बारा जण एकाच दिवशी मोकळे झालो. त्यात एक नर्स होती, तिला पुढच्याच महिन्यात दुसरीकडं काम मिळालं. बारावी झालेल्या तीन पोरी होत्या. गावोगाव फिरून त्यांना इतकं कळत होतं की नवे डॉक्टर त्यांना विचारून रुग्ण बघायचे. पण हातात काय? अनुभवाचा दाखला. त्यातल्या एकीनं पुढं कापडाच्या दुकानात काम धरलं. तिची आठवण झाली की मला अजून राग येतो, स्वतःचाच. वेळीच ‘शीक’ म्हणायला हवं होतं.

म्हणून पोरीला संस्थेतच जायचं असेल, तर तिनं आधी नोंदणी होईल असं शिक्षण घ्यावं. माझं मत बीएस्सी नर्सिंगला. चार वर्षं लागतात, जीवशास्त्र घेऊन बारावी झालेली आहेच, प्रवेशासाठी राज्याची वेगळी सीईटी असते. नीटचा अभ्यास केलेल्या पोरीला ती जड जाऊ नये. यंदाची तारीख हुकली असेल तर पुढच्या वर्षी द्या. मधलं वर्ष संस्थेत काढलं तर माझी हरकत नाही, पण एकच वर्ष. पास झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. प्रकल्प बंद पडला तरी ती तिचीच राहते.

पुढं तिला उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं, ज्याला सगळे सीएचओ म्हणतात. बीएएमएसवालेही याच पदावर येतात, पण इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं घालवून. आतापर्यंतच्या जाहिरातींत मानधन दरमहा २५ हजार आणि कामाच्या मोजमापावर १५ हजारांपर्यंत मोबदला असं असतं. गोड बोलत नाही, हे पद कंत्राटी आहे, मानधन रखडतं आणि अर्धा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. पण वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पाच हजार माणसांचं बीपी, शुगर, बाळंतपणं तिच्या हातात असतात. सार्वजनिक आरोग्यात एमपीएच, म्हणजे पुढची पदव्युत्तर पदवी, करायचं झालं तर तो अनुभव सोन्याचा. आणि मग त्या संस्थेत जायचं तर खुशाल जावं. तेव्हा ती बारा हजारांवर यादी लिहायला जाणार नाही.

समाजकार्याची पदवी घेतली तर, असं ती विचारेल. वाईट नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचं तुळजापूरचं केंद्र १९८६ पासून आहे, ते एकदा तिला दाखवून आणा. पण दवाखान्यात ज्याला सुई टोचता येते त्याचं ऐकलं जातं, हे मी पाहिलंय. बोलण्याचं कौशल्य पुढंही शिकता येतं.

फीचं. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि ती ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असेल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच हवा. ‘सीट देतो, फॉर्म भरू नका’ म्हणणारा एजंट भेटेल, चहा पाजून परत पाठवा. कॉलेजच्या स्वतःच्या कोट्यातून प्रवेश घेतला की सवलत गेली. कॉलेजला या योजनेबद्दल आधी लेखी विचारा, आणि त्याला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, तेही बघा.

हे पत्र तिला वाचायला द्या. तिनं त्या संस्थेत जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: करार कुठल्या सालापर्यंत आहे, आणि तो संपल्यावर यातलं कुठलं काम आरोग्य केंद्र स्वतः चालवणार आहे. उत्तर काय मिळालं ते तिनंच मला लिहावं.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर लागत असेल तर तेही, आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये सेतूवर उभं राहायला जागा नसते. आणि लातूरच्या रूमचं डिपॉझिट राहिलं असेल, तर तेवढं आठवणीनं मागून घ्या.