जुन्या गाडीचा डॅशबोर्ड उघडण्याआधी

नवे स्विच मागवायची घाई करू नकोस. जुन्या स्विचचं बहुतेक दुखणं आतल्या काळवंडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये असतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दहा-वीस वेळा चालू-बंद करून बघ. मूळ स्विच वाचला तर तोच ठेव, नव्या नकलांची खटक तशी येत नाही.

काम सुरू करताना बॅटरीची अर्थची वायर आधी काढ. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ती प्लसची असू शकते, म्हणून रंगावर न जाता बॉडीला कोणती वायर जोडली आहे ते पाहा. प्रत्येक वायर सोडवण्याआधी फोटो काढ आणि तिला टेपचं लेबल लाव. लुकास (जुन्या ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी कंपनी) वायरिंगमध्ये तपकिरी वायर कायम चालू, पांढरी इग्निशनवरची, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून आलेली, काळी अर्थची. पण मधल्या मालकांनी काय उद्योग केलेत कोणास ठाऊक, तेव्हा टेस्टरशिवाय विश्वास नको.

नॉब ओढून येत नसेल तर जोर लावू नकोस. त्याच्या दांड्याला खालून बारीक भोक असतं का बघ. आतली स्प्रिंगची पिन टाचणीने दाबली की नॉब अलगद निघतो. जुनं प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. हेअर ड्रायरने कोमट करून प्लास्टिकच्या पट्टीनेच उचल, स्क्रूड्रायव्हर लांब ठेव.

हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जात असेल तर याच वेळी रिले, म्हणजे स्विचच्या इशाऱ्यावर मोठा करंट स्वतःतून नेणारा वेगळा स्विच, बसवून घे.